मारधाडीचे सिनेमे : काय पाहावे, काय सोडावे

सुट्ट्या जवळ आल्या की पालकसभेत एक तक्रार हमखास ऐकू येते. मुलगा दिवसभर मोबाइलवर मारधाडीचे इंग्रजी सिनेमे पाहतो. एक संपला की त्याचा दुसरा भाग, मग तिसरा. जेवणाची शुद्ध नाही, नमाजच्या वेळेची तर नाहीच. बहुतेक घरांत यावर एकच उपाय होतो, मोबाइल काढून घेणे. दोन दिवसांनी कोणाला तरी दया येते, मोबाइल परत मिळतो आणि राहिलेला भाग पुढे सुरू होतो. ज्याचा मोबाइल खरोखरच बंद झाला, तो रोशन गेटच्या किंवा किराडपुऱ्याच्या एखाद्या ओट्यावर मित्राच्या मोबाइलमध्ये डोके खुपसून बसतो.

सिनेमा पाहणे योग्य की अयोग्य, याबद्दल आपल्या उलमांमध्ये मतभेद आहेत. जी घरे यापासून दूर राहतात त्यांचा मला आदर आहे, आणि त्यांचे मन वळवण्यासाठी हा लेख नाही. पण ज्या घरांत टीव्ही आहे, मोबाइल आहे, स्वस्त डेटा आहे, तिथे मुले पाहणारच. त्यांनी काय पाहावे हे आपण सांगितले नाही तर ते काम ॲप करते. ॲपला आपल्या मुलाच्या तरबियतशी काही देणेघेणे नाही.

मला स्वतःला मारधाडीचे सिनेमे आवडतात, हे आधीच सांगून टाकते. शाळेत असताना ईदच्या सुट्टीत व्हीसीआर भाड्याने यायचा, चुलत-मावस भावंडांचा गोतावळा जमायचा आणि जॅकी चॅनच्या कॅसेटी लागायच्या. त्यामुळे ‘हे असले काही पाहू नका, चांगले माहितीपट पाहा’ असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. चौदा वर्षांच्या मुलाला वेग हवा असतो, साहस हवे असते. ते चांगल्या ठिकाणाहून मिळावे, एवढेच आपण पाहायचे.

निवडताना मी दोन गोष्टी पाहते. सिनेमात शत्रू कोण आहे आणि तो माणूस म्हणून दाखवला आहे का? आणि पडद्यावर बसलेल्या माराची किंमत कोणाला मोजावी लागते का?

पहिल्या गोष्टीकडे माझे लक्ष एका विद्यार्थ्याने वेधले. नववीचा मुलगा. मधल्या सुट्टीत विचारू लागला, ‘टीचर, इंग्लिश पिक्चरमध्ये बॉम्ब लावणाऱ्याचं नाव नेहमी आपल्यातलंच का असतं?’ प्रश्न रागाचा नव्हता, कुतूहलाचा होता. म्हणून तो जास्त बोचला. या प्रश्नावर जॅक शाहीन या अमेरिकन प्राध्यापकाने आयुष्य घालवले. ते लेबनानी वंशाचे होते, धर्माने ख्रिश्चन. हॉलिवूडचे ९०० हून अधिक चित्रपट पाहून त्यांनी २००१ मध्ये एक जाडजूड ग्रंथ काढला आणि मूकपटांच्या काळापासून अरब व मुसलमान पडद्यावर बहुतेक वेळा लुटारू, ऐयाश शेख किंवा दहशतवादी म्हणूनच कसे येतात ते एकेका चित्रपटासह दाखवून दिले.

याचे सोपे उदाहरण मुलांच्या आवडत्या नटाचेच आहे. अर्नोल्ड श्वार्झनेगरचा ‘टर्मिनेटर टू’ १९९१ मध्ये आला आणि ‘ट्रू लाइज’ १९९४ मध्ये. दिग्दर्शक एकच, जेम्स कॅमरॉन. ‘ट्रू लाइज’मधले अतिरेकी अरब आहेत. त्यांना घर नाही, आई नाही, स्वतःचा विचार नाही. ते ओरडतात आणि मरतात. अमेरिकेतल्या अरब व मुस्लिम संघटनांनी त्यावर निदर्शनेही केली होती. याउलट ‘टर्मिनेटर टू’मध्ये एक दहा वर्षांचा मुलगा माणसे मारण्यासाठीच बनवलेल्या यंत्राला बजावतो की तू कोणाचाही जीव घ्यायचा नाही. यंत्राला कारण समजत नाही, पण ते शब्द पाळते. पुढचा सगळा सिनेमा त्या एका वचनाभोवती फिरतो. घरी पाहायचा असेल तर पहिला भाग वगळा, त्यात कुटुंबासोबत पाहता येणार नाही असे दृश्य आहे. दुसऱ्या भागाची सुरुवातीची काही मिनिटेही पुढे ढकला. हिंसा भरपूर आहे, म्हणून मूल किमान सोळा वर्षांचे हवे. तिसऱ्या भागापासून पुढचे नाही पाहिले तरी चालेल. त्यांत यंत्रे मोठी होत जातात आणि गोष्ट लहान.

आता हाच तराजू आपल्या लाडक्या मालिकेसमोर धरू या. ‘एर्तुग्रुल’ ही तुर्की मालिका २०१४ ते २०१९ अशी पाच हंगाम चालली, त्यानंतर ‘उस्मान’ आली. २०२० च्या रमजानमध्ये पाकिस्तानी टीव्हीने ती उर्दूत दाखवायला सुरुवात केली आणि लॉकडाऊनमध्ये आपल्याकडेही घरोघरी पोहोचली. आमच्या घरातल्या थोरल्यांनीही ती पाहिली. वडीलधाऱ्यांसमोर अदबीने उभे राहणारे तरुण, कबिल्याचे निर्णय घेणारी आई, बिस्मिल्लाह म्हणून सुरू होणारे काम, हे सगळे पडद्यावर इतक्या इभ्रतीने आमच्या पिढीने क्वचितच पाहिले होते. डोळे भरून आले तर त्यात नवल नाही.

पण थोडे थांबून पाहा. समोरच्या किल्ल्यातला माणूस जवळजवळ नेहमीच कपटी आहे. आपल्यातला जो वेगळे मत मांडतो तो बहुधा गद्दार निघतो. तलवार फिरते, डोके उडते आणि पुढच्याच क्षणी पार्श्वसंगीत मुलाला सांगते की टाळ्या वाजव. शाहीन साहेबांनी हॉलिवूडमध्ये जो दोष मोजला, तोच इथे वेष बदलून बसला आहे. आपल्यावर अन्याय करणारे चित्र आपल्याला खुपते, मग दुसऱ्याचे तसेच चित्र आपण मिटक्या मारत का पाहावे? एखाद्या समूहाबद्दलच्या रागापोटी न्याय सोडू नका, अशी ताकीद सूरह माइदामध्ये आपल्यालाच दिली आहे. मालिका बंद करा असे मी म्हणत नाही. ती पाहताना हा प्रश्न मुलाला विचारावा, असे म्हणते.

इतिहासातले शौर्य आणि शत्रूला माणूस मानणे हे दोन्ही एकत्र पाहायचे असेल तर मुस्तफा अक्काद यांच्याकडे जावे लागते. अक्काद १९३० मध्ये सीरियातल्या हलब शहरात जन्मले आणि सिनेमा शिकायला अमेरिकेला गेले. त्यांचा ‘द मेसेज’ (१९७६) उर्दूत डब होऊन आपल्या अनेक घरांत पाहिला गेला आहे. त्यात प्रेषित (स.) दिसत नाहीत, त्यांचा आवाजही ऐकू येत नाही. हजरत हमजा (रजि.) यांची भूमिका इंग्रजीत अँथनी क्वीनने आणि अरबीत अब्दुल्लाह गैस यांनी केली. दोन्ही चित्रपट वेगवेगळे नट घेऊन शेजारी शेजारी चित्रित झाले. सहाबांच्या भूमिका नटांनी कराव्यात का, यावरून तेव्हाही वाद झाला, आजही आहे. ज्यांना ते पटत नाही त्यांच्यासाठी अक्काद यांचा दुसरा चित्रपट आहे, आणि माझ्या मते तोच अधिक चांगला आहे.

तो म्हणजे ‘लायन ऑफ द डेझर्ट’ (१९८१). नायक उमर मुख्तार, लिबियातल्या मुलांना कुरआन शिकवणारे उस्ताद. इटलीने १९११ मध्ये लिबियावर हल्ला केला. त्यानंतर जवळपास वीस वर्षे हा माणूस घोड्यावर बसून आधुनिक फौजेशी लढला. १६ सप्टेंबर १९३१ रोजी, वयाची सत्तरी ओलांडलेली असताना, त्यांना फाशी देण्यात आली. चित्रपटात रणगाडे आहेत, डोंगरातल्या चकमकी आहेत, पूल उडवणे आहे. मारधाडीची हौस असलेला मुलगा कंटाळणार नाही. पण पहिल्यांदा उमर मुख्तार दिसतात ते मुलांच्या घोळक्यात, सूरह रहमानमधल्या ‘मीजान’चा, म्हणजे तोल आणि तराजूचा, अर्थ समजावून सांगताना. शिक्षिका म्हणून मला हे दृश्य फार आवडते.

आणखी एक प्रसंग मुलांना आवर्जून दाखवावा. लढाईनंतर एक तरुण इटालियन अधिकारी हाती लागतो. साथीदार म्हणतात, मारून टाका, ते आपल्या कैद्यांना मारतातच ना. उमर मुख्तार नकार देतात. त्यांचे म्हणणे असे की ते लोक आपले उस्ताद नाहीत. त्या अधिकाऱ्याला त्याच्या झेंड्यासह परत पाठवले जाते. इटालियन बाजूलाही चित्रपट एका रंगात रंगवत नाही. जनरल ग्राझियानी क्रूर आहे, पण त्याच फौजेत मान खाली घालणारे अधिकारीही आहेत. लोकांना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडल्याची दृश्ये जड आहेत, बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवू नयेत. इटलीत हा चित्रपट १९८२ मध्ये बंद पाडला गेला आणि तिथल्या टीव्हीवर यायला २००९ उजाडले.

अक्काद यांच्याबद्दल एक विचित्र गोष्ट सांगायला हवी. ‘हॅलोवीन’ नावाच्या अमेरिकन भयपटांच्या मालिकेचे तेही एक निर्माते होते, भागामागून भाग काढत होते. सलाहुद्दीन अय्यूबींवर चित्रपट करण्याचे त्यांचे स्वप्न मात्र राहून गेले. नोव्हेंबर २००५ मध्ये अम्मानमधल्या हॉटेलांवर आत्मघाती हल्ले झाले, त्यात त्यांची मुलगी रीमा आणि ते स्वतः बळी पडले. जगाला इस्लामची ओळख करून देण्यासाठी ज्याने चित्रपट काढला, त्याचा जीव इस्लामचे नाव घेणाऱ्यांनीच घेतला. ‘टीचर, नाव आपल्यातलंच का असतं?’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर हॉलिवूडकडे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल आपल्याला घरात मुलांशी बोलावे लागेल.

आता थोडे हलके. सातवी-आठवीच्या मुलांसाठी माझी पहिली शिफारस ‘द कराटे किड’, १९८४ चा जुना. जॅकी चॅनचा २०१० मधला नव्हे, तो नंतर पाहा. नव्या शहरात आलेला, मार खाणारा मुलगा आणि इमारतीची डागडुजी करणारे म्हातारे जपानी काका मियागी. मुलाला कराटे शिकायचे आहे, पण काका त्याच्याकडून मोटारी पुसून घेतात, कुंपण रंगवून घेतात. मुलगा वैतागतो. मग कळते की हात फिरवण्याची ती सवय हाच पहिला धडा होता. पाढे पाठ करायला कंटाळणाऱ्या मुलांना हे मी किती वेळा ऐकवले असेल!

पण या चित्रपटाचे काळीज वेगळ्याच दृश्यात आहे. एका रात्री मियागी काका दारू पिऊन रडत असतात. (दारू आहे म्हणून दृश्य पुढे ढकलू नका, मुलांना कारण सांगा.) दुसऱ्या महायुद्धात ते अमेरिकेच्या बाजूने लढत होते, शौर्यपदक मिळवत होते. त्याच वेळी, केवळ जपानी वंशाची म्हणून, त्यांची बायको सरकारी छावणीत डांबलेली होती, आणि तिथेच बाळंतपणात ती आणि बाळ दोघेही गेले. मियागी हे पात्र काल्पनिक आहे, छावण्या खऱ्या होत्या. सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना अमेरिकेने असे कोंडले होते, त्यातले बहुसंख्य त्याच देशाचे नागरिक होते. निष्ठेवर संशय घेतला गेलेल्या माणसाचे दुःख आपल्या घरांत वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दुसऱ्या भागात (१९८६) मियागी आजारी वडिलांसाठी ओकिनावाला परततात आणि एक जुना मित्र त्यांना मरेपर्यंत झुंजण्याचे आव्हान देतो. झुंज कशी टाळली जाते, हे पाहण्यासारखे आहे. तिसरा भाग मात्र उगाच ताणलेला आहे.

‘पुढचा भाग पहिल्यापेक्षा वाईटच’ हा आपला सर्वसाधारण अनुभव. त्याला ‘इप मॅन’ हा हाँगकाँगचा अपवाद आहे. चार भाग, २००८ ते २०१९, नायक डॉनी येन. इप मॅन हे खरे उस्ताद होते, ब्रूस लीचे गुरू. चित्रपटांतल्या बऱ्याच घटना मात्र रचलेल्या आहेत, म्हणून चरित्र म्हणून पाहू नका. पहिल्या भागात जपानी फौजेच्या ताब्यातले फोशान शहर आहे. भुकेने गांजलेले उस्ताद तांदळाच्या पिशवीसाठी आखाड्यात उतरतात. दुसऱ्या आणि चौथ्या भागात गोरा माणूस अगदीच व्यंगचित्र झाला आहे. तिथेही मुलांना तोच तराजू हातात द्या.

माझा आवडता तिसरा (२०१५). त्यात माइक टायसन आहे, हे ऐकून मुले धावत येतील. टायसनने इस्लाम स्वीकारल्याचे आपल्याकडच्या पोरांना चांगले पाठ असते. पण गोष्ट टायसनची नाही, इप मॅनच्या बायकोची आहे. तिला कॅन्सर होतो. लिफ्टमध्ये एक मारेकरी अंगावर येतो, तेव्हा इप मॅनचे पहिले काम तिला मागे घेऊन सुरक्षित ठेवणे हे आहे. शहरातला दुसरा एक उस्ताद ‘श्रेष्ठ कोण’ हे ठरवायला सर्वांसमोर आव्हान देतो. ठरल्या दिवशी लोक जमतात, पण इप मॅन तिथे पोहोचतच नाही, तो बायकोसोबत असतो. बाहेर लोक त्याला भित्रा म्हणतात. आजारी बायको एकदा त्याला सांगते की तुझ्या सरावाचा आवाज बरेच दिवसांत ऐकला नाही. मग तो लाकडी खांबावर सराव करतो आणि ती बसून ऐकते. मर्दानगी म्हणजे काय, यावर मुलांपुढे भाषण देण्यापेक्षा ही दहा मिनिटे पुरेशी आहेत. घरातल्या पुरुषांनीही बाजूला बसून पाहावीत.

आणि मार लागतो, हे कळण्यासाठी जॅकी चॅन. ‘पोलीस स्टोरी’मध्ये (१९८५) तो मॉलच्या वरच्या मजल्यावरून विजेच्या दिव्यांनी गुंडाळलेल्या खांबाला धरून खाली घसरतो. ते त्याने स्वतः केले, आणि त्यात त्याचे हात भाजले. त्याच्या सिनेमांच्या शेवटी नावांसोबत फसलेले प्रयत्न, पडणे, पट्ट्या बांधणे दाखवतात. सिनेमा संपला म्हणून टीव्ही बंद करू नका, तो भाग दाखवाच. गच्चीवरून उडी मारायला निघालेल्या मुलाला त्याची गरज आहे. मुलींसाठी तिसरा भाग (१९९२) पाहावा. त्यात मलेशियाची मिशेल यो मोटरसायकलवरून धावत्या रेल्वेच्या टपावर उतरते, तेही स्वतः. हीच मिशेल यो २०२३ मध्ये, साठीत, प्रमुख भूमिकेसाठीचे ऑस्कर मिळवणारी पहिली आशियाई अभिनेत्री ठरली. विषय अमली पदार्थांच्या टोळीचा आहे, म्हणून मुली मोठ्या हव्यात.

सोळा-सतराच्या पुढच्यांसाठी आणखी दोन नावे. ‘द थर्टीन्थ वॉरियर’ (१९९९) मध्ये बगदादचा अहमद इब्न फदलान उत्तरेकडच्या लढवय्यांमध्ये जाऊन पडतो, ऐकून ऐकून त्यांची भाषा शिकतो आणि लढाईआधी दुआ करतो. इब्न फदलान नावाचा प्रवासी खरोखर होता. खलिफाने त्याला ९२१ मध्ये व्होल्गा नदीकाठी पाठवले होते. पुढचे राक्षसांचे वगैरे प्रकरण कादंबरीतले. ‘किंगडम ऑफ हेवन’ (२००५) मध्ये सीरियाचे नट घस्सान मसऊद सलाहुद्दीन झाले आहेत. जेरुसलेम जिंकल्यावर ते जमिनीवर पडलेला क्रूस उचलून मेजावर नीट ठेवतात. दोन्हींत रक्तपात खूप आहे, त्यामुळे आधी स्वतः पाहा.

वयाचा अंदाज यावा म्हणून आता सोयही झाली आहे. २०२४ च्या नियमांपासून चित्रपटांना यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशी प्रमाणपत्रे मिळतात, आणि मोबाइलवरच्या ॲपनाही तशीच श्रेणी दाखवावी लागते. तेरा वर्षांच्या पुढच्या मजकुराला पालकांचे कुलूप लावण्याची सोय देणे त्यांना बंधनकारक आहे. सेटिंगमध्ये जाऊन पिन घाला. पिन जन्मतारखेची नको, मुलांना ती पाठ असते.

लहानग्यांना मारधाड नकोच. त्यांच्यासाठी इराणच्या माजिद मजीदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’ (१९९७) आहे. बहिणीचा बूट हरवलेला भाऊ शाळेच्या शर्यतीत धावतो, कारण तिसऱ्या बक्षिसात बूट आहेत. त्याला पहिला यायचेच नाही. ती शर्यत पाहताना माझ्या वर्गातली दंगेखोर मुलेही बाकावर उभी राहिली होती. फारसी येत नाही म्हणून काही अडत नाही. निम्मे शब्द उर्दूतून ओळखीचे वाटतात.

शेवटी एक आपल्या शेजारचा. मालेगावात नासिर शेख नावाचे गृहस्थ व्हिडिओ पार्लर चालवत. ब्रूस ली, जॅकी चॅन, चॅप्लिन यांच्या चित्रपटांतले तुकडे जोडून ते दाखवत आणि यंत्रमाग कामगार गर्दी करत. मग त्यांनी स्वतःच सिनेमे काढायला घेतले. आधी ‘मालेगाव के शोले’, पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’. या सुपरमॅनचा शत्रू परदेशी नाही, दुसऱ्या धर्माचा नाही. त्याला गावभर घाण हवी आहे. सुपरमॅन झालेले शफीक हे यंत्रमागावर काम करणारे काटकुळे कामगार होते. कॅन्सरने ते गेले. त्या चित्रीकरणावर फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २०२५ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला. आधी माहितीपट पाहा, मग चित्रपट. कोणता कुठल्या ॲपवर आहे हे दर काही महिन्यांनी बदलते, घरातल्या मोठ्या मुलाला शोधायला लावा. सबटायटलची गरज नाही. मालेगावची बोली दादीजानलाही समजते, त्यांनाही सोबत बसवा.